ज्युडीचं माहेर

अमेरिकेतल्या मिनिआपोलिसहून उत्तरेला तीनेक तास गाडी हाकली की ग्रँड रॅपिड्स येतं. शेतं मागे पडतात, पाइनची झाडं आणि तळ्यांमागून तळी सुरू होतात. ताईकडे आलेल्या पाहुण्यांना मॉल दाखवायची रीत आहे. मी हट्टानं इकडे यायला लावलं. भावोजींना ज्युडी गार्लंड म्हणजे कोण ते आठवेना. "'विझर्ड ऑफ ऑझ' सिनेमातली डोरोथी हो!" म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे त्या लाल बुटांची?"

तीच. १० जून १९२२ला ती या गावात जन्मली, तेव्हा नाव फ्रान्सिस एथेल गम. तिचं पांढरं लाकडी घर मूळ जागेवरून उचलून हमरस्त्यालगत आणून ठेवलंय, त्यामुळे बाहेरून थोडा हिरमोडच होतो. आत मात्र मी रेंगाळले. जिन्याच्या वळणावर एक टप्पा आहे, केवढासा! तिथे उभ्या राहून गम बहिणी गाणी म्हणायच्या, असं सांगतात. वडील गावातलं न्यू ग्रँड थिएटर चालवायचे, आई मूकपटांना पियानोची साथ करायची. १९२४च्या डिसेंबरात अडीच वर्षांचं हे शेंडेफळ तिथल्या स्टेजवर 'जिंगल बेल्स' गायला उभं राहिलं ते थांबेचना. तेच गाणं पुन्हा पुन्हा! शेवटी उचलून आत न्यावं लागलं.

१९२६मध्ये कुटुंबानं गाव सोडून कॅलिफोर्निया गाठलं. तेराव्या वर्षी एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओशी करार झाला, आणि मग वजन ताब्यात राहावं, काम रेटता यावं म्हणून गोळ्या, झोप यावी म्हणून आणखी गोळ्या. हे पुढे तिनंच सांगितलं. १९६९मध्ये लंडनला तिचा मृत्यू झाला तेव्हा ती जेमतेम ४७ वर्षांची होती. झोपेच्या गोळ्या जास्त झाल्याचं निमित्त. घराला जोडलेल्या संग्रहालयातल्या झगमगाटात या भागाशी मी थोडी जास्त थांबले. ऑझमधली घोडागाडीही इथेच आहे. ती एकेकाळी राष्ट्राध्यक्ष लिंकनची होती म्हणतात. भावोजींनी फोटो काढला तो तिचाच.

आणि ते बूट? सिनेमासाठी बनवलेल्या जोड्यांपैकी एक इथे एका संग्राहकाकडून उसनी आणली होती. २००५च्या ऑगस्टमध्ये रात्री कुणीतरी काच फोडून ती लांबवली; मागे राहिली एक लाल टिकली. चोराला वाटलं, खरी माणकं जडवलीत! होत्या नुसत्या टिकल्या. २०१८मध्ये एफबीआयनं बूट शोधून काढले, मालकाला परत मिळाले, आणि डिसेंबर २०२४मध्ये लिलावात सगळा खर्च धरून सव्वातीन कोटी डॉलर्सला गेले. संग्रहालयानंही ते घ्यायची धडपड केली होती, पण गावाच्या वर्गणीतून असा आकडा कुठला जमायला!

पुढच्या आयुष्यात करवाल्यांच्या तगाद्यानं गांजलेल्या बाईच्या बुटांना एवढी किंमत. भावोजींनी लगेच रुपयांत हिशेब केला आणि परतीच्या वाटेवर ताईला तीनदा ऐकवला.