सामनेवाला नंबर एक

कांदाचाळीत कांदा निवडत होतो तेव्हा बेलिफ आला. जून 2022. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस होती. अर्जदार म्हणून मयताची पत्नी, दोन मुलं आणि आई. सामनेवाला नंबर एक मी, पिकअपचा मालक. नंबर दोन विमा कंपनी. मागणी 40 लाखांची.

जानेवारीत पिंपळगावच्या बाजार समितीतून रिकामी परतताना माझ्या गाडीने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. 36 वर्षांचा माणूस जागीच गेला. गाडी माझा ड्रायव्हर चालवत होता, मी घरी होतो. पण कामावरच्या ड्रायव्हरची चूक मालकाच्या अंगावर येते.

गावात जो तो म्हणे, विमा आहे ना, मग कंपनी बघून घेईल, तू कशाला जातोस? वकील मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, "दादा, हजर राहिला नाहीत तर एकतर्फी हुकूम होईल. आणि कंपनी तिचं बघेल, तुमचं नाही." तसंच झालं. ड्रायव्हरच्या लायसन्सवर नुसतं एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, होतं, मालवाहतुकीचा शेरा नव्हता. कंपनीने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलं की पॉलिसीच्या अटीचा भंग झाला, भरपाई मालकाने द्यावी. कंपनीने आधी भरायचं आणि नंतर माझ्याकडून वसूल करायचं, असाही हुकूम होऊ शकतो हे कळलं त्या रात्री सातबारा काढून बसलो होतो.

मॅडमनी पॉलिसी, आरसी बुक, लायसन्स, फिटनेस, सगळं मागवलं. अपघाताच्या तारखेला प्रत्येक कागद चालू होता का, एवढंच त्या पाहत होत्या. लायसन्सचं उत्तर सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या मुकुंद देवांगन निकालात मिळालं: मालासकट एकूण वजन 7,500 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही पुरतं. आरसीवरचं वजन त्याच्या कितीतरी खाली होतं. 2024 च्या नोव्हेंबरात त्याच कोर्टाच्या घटनापीठानेही तेच कायम केलं, पण तोवर आमचं प्रकरण मिटलं होतं.

मन अडकलं ते आमच्या कैफियतीत. कच्च्या मसुद्यात दोन वाक्यं होती: मयत स्वतःच्या चुकीने मेला, आणि अर्जदार त्याच्यावर अवलंबून नव्हते. दाव्याला रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली होती, त्यात त्याच्या नावावर निळ्या पेनाने आडवी रेघ मारलेली. खाली सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. घटनास्थळ पंचनाम्यात आमच्या गाडीच्या टायरच्या खुणा रस्त्याच्या चुकीच्या बाजूला होत्या. मी म्हटलं, ही वाक्यं माझ्या सहीने जाणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, काढते, पण चूक कबूलही लिहू नका, कंपनी म्हणेल दोघांचं संगनमत आहे. मग असं लिहिलं: अपघात झाला, गाडी माझी, पॉलिसी चालू होती, हे कबूल. निष्काळजीपणा आणि उत्पन्न अर्जदारांनी पुराव्याने शाबीत करावं. प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर दिलं, शपथपत्र जोडलं, मुदतीत दाखल केलं. मग दोन वर्षं तारखा.

लोकअदालतीच्या आधी मॅडमनी हिशेब करून दाखवला. महिना 12,000 उत्पन्न, पुढच्या वाढीसाठी 40 टक्के, म्हणजे 16,800. चौघं अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, 12,600. गुणिले 12, गुणिले वयाचा गुणक 15. 22 लाख 68 हजार. हे ऐकताना माझे कान गरम झाले. कंपनीने 22 लाखांवर तडजोड केली, मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहील असं ठरलं.

तडजोडीवर सह्या झाल्यावर व्हरांड्यात मयताची पत्नी, त्या ताई, समोर आल्या. एवढ्या तारखांत पहिल्यांदाच बोलल्या.

"तो ड्रायव्हर अजून गाडी चालवतो का?"

"नाही, ताई. शेतातच असतो आता."

त्यांनी मान हलवली, सासूबाईंचा हात धरला आणि जिना उतरू लागल्या.