कसारा स्थानकाची प्रतिकृती : घाटाचा चढ, बँकर आणि डब्यांचे वजन

मुंबई–हावडा मुख्य मार्गावरील कसारा स्थानकाच्या एचओ प्रमाणातील (मूळच्या 1:87 आकाराच्या) प्रतिकृतीचे रूळ आता यार्डातून बाहेर पडून थळ घाटाच्या चढाला लागले आहेत. काळ 1980च्या दशकाचा धरला आहे; त्यामुळे तारा 1500 व्होल्ट डीसीच्या आणि बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून रेटणारे इंजिन, म्हणून डब्ल्यूसीजी-2 हे डीसी विद्युत इंजिन. तयार सहा-आसी चासीवर (सहा जोड चाकांच्या सांगाड्यावर) थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी बसवून अशी दोन इंजिने सिद्ध झाली आहेत.

1865 साली खुल्या झालेल्या या घाटाचा कमाल चढ 37 ला 1 आहे. लांबीत तडजोड अटळ होती, कारण आयसीएफच्या (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) 18 डब्यांची गाडी या प्रमाणातही जवळपास साडेचार मीटर भरते. म्हणून सात डब्यांवर भागवले. चढ मात्र कोणत्याही प्रमाणात तोच राहतो, तेव्हा तो सौम्य करायचा नाही असे ठरवून मीटरमागे 27 मिमी उंची धरूनच प्लायवुड कापले. ब्रॉडगेज काटेकोर हवा तर रुळांतील अंतर 19.3 मिमी यायला हवे, पण तयार चाके 16.5 मिमी अंतराच्या रुळांसाठीचीच मिळतात आणि मी तीच वापरली आहेत. समोरून पाहता डबा रुळांच्या मानाने अंमळ रुंद दिसतो. जाणकारांनी तो बाजूने पाहावा.

खरी कसोटी मागून रेटणाऱ्या बँकरची आहे. पुढच्या इंजिनाच्या आणि त्याच्या वेगात थोडी तफावत पडली, तरी मधले हलके डबे दाबले जाऊन वळणावर बाहेरच्या बाजूला रूळ सोडतात. यावर दोन उपाय लागू पडले. एनएमआरए या अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार (1 औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस) प्रत्येक डब्याचे वजन सुमारे 165 ग्रॅम केले आणि ते शक्य तितके खाली, तळपट्टीला चिकटवले. दुसरे म्हणजे, दोन्ही इंजिनांची वेगसारणी (नियंत्रकाच्या कोणत्या पायरीला किती वेग, याचा तक्ता) जुळवून बँकरच्या डिकोडरमधील (इंजिनातील, आज्ञा ओळखून मोटर चालवणाऱ्या सर्किटमधील) बॅक-ईएमएफ नियंत्रण, म्हणजे भार बदलला तरी मोटरचा वेग कायम राखणारी सोय, बंद केले, त्यामुळे तो आपला वेग राखण्यासाठी पुढच्या इंजिनाशी झगडत नाही. डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवून प्रत्येक इंजिन वेगळे चालवण्याच्या पद्धतीवर) बँकर चालवणाऱ्यांनी हा दुसरा उपाय आधी करून पाहावा.

सध्या इगतपुरीहून उतरणाऱ्या मार्गावरील कॅच सायडिंगचे (उतारावर अनावर झालेली गाडी वळवून थांबवणाऱ्या बाजूच्या रुळाचे) काम सुरू आहे. तिचा सांधा एरवी सायडिंगकडेच वळलेला राहील आणि गाडी ठरावीक जागी थांबल्याचे सेन्सरने टिपल्यावरच सर्वो मोटर तो मुख्य मार्गाकडे फिरवील.