पयलेसावन लाय

रविवार, १३ जुलै २०२५, रात्री ११

आज पावसानं दिवसभर उसंत दिली नाही. सकाळच्या बसनं फोंड्याहून आईकडे आले तेव्हा पागोळ्यांखाली ठेवलेली घागर भरून वाहत होती आणि आई सोप्यावर बसून तिच्याकडे बघत होती. जेवण, वामकुक्षी, चहा यात दुपार सरली. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर आईनं सवयीनं टीव्ही लावला. तिच्या मालिकेचा आज रविवारचा एक तासाचा विशेष भाग होता.

मी आत किसमुरीसाठी, म्हणजे सुक्या कोळंबीच्या कोशिंबिरीसाठी, सुंगटं भाजत होते. बाहेरून एकामागून एक असे तीन कडकडाट ऐकू आले. मला वाटलं अंगणात वीज पडली. धावत बाहेर आले तर आवाज टीव्हीचा होता. पडद्यावर पाच-सहा माणसं उभी. कॅमेरा एकेकाच्या तोंडावर जात होता, परत येत होता, पुन्हा जात होता. बोलत कुणीच नव्हतं. रात्रीच्या वेळी घरातली सून जरीची साडी आणि गळाभर दागिने घालून दुधाच्या पेल्याजवळ उभी, आणि तिच्या पाठीमागे दुसरी कुणीतरी, डोळे बारीक करून.

"काय झालं?" मी आईला विचारलं.

"कांयच ना गो. फाटल्या आयतारासावन हेंच चल्लां."

गेल्या रविवारपासून हेच चाललंय, हे सांगताना तिच्या आवाजात रागही नव्हता. हात मांडीवर ठेवून बसली होती, दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तशी. एकोणऐंशी वर्षांची माझी आई रोज संध्याकाळचे दोन तास असे काढते, हे मला इतके दिवस कळलंच नव्हतं, याचं वाईट वाटलं. मग तीच म्हणाली, "बंद कर तें. तें भुरग्याचें लाय, पावसाचें."

भुरग्याचं, म्हणजे पोराचं, पावसाचं ते 'मालगुडी डेज'. मागच्या महिन्यात मी मोबाइलवरून टीव्हीला जोडून तिला एक भाग दाखवला होता, तो तिच्या लक्षात राहिला. आईला हिंदी बेताचंच कळतं, पण ती मालिका तिला कळते. शंकर नाग यांनी ती १९८६-८७ मध्ये केली, आर. के. नारायण यांच्या कथांवरून, आणि चित्रीकरण झालं आगुंब्याला. सह्याद्रीतलाच गाव तो, पावसाचा. कौलारू घरं, लाकडी खांब, तांबडी माती, ओल धरलेल्या भिंती. आईनं तेव्हाही म्हटलं होतं की हे घर आपल्या मामाच्या घरासारखं आहे. सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं येतात, एल. वैद्यनाथन यांची ती धून वाजते, आणि आई मान डोलवायला लागते. आजही डोलावली.

आमच्या घरी टीव्ही आला तो १९८६च्या गणेशचवथीच्या आधी. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. बाबांनी फोंड्यातून हप्त्यांवर घेतला होता. आईनं त्यावर क्रोशाचं विणलेलं आच्छादन घातलं, आजीनं कुंकू लावलं. खरं काम अँटेनाचं होतं. घराच्या तिन्ही बाजूंना माड, आणि वारा सुटला की झावळ्या हलायच्या, तशा पडद्यावर मुंग्या नाचायच्या. काका कौलांवर, मी दारात, बाबा टीव्हीसमोर.

"आयलें?"

"ना!"

"आतां?"

"आयलें, आयलें! हालय नाका!"

आणि काका खाली उतरेपर्यंत चित्र गेलेलं असायचं. पावसाळ्यात कौलांवर शेवाळ धरायचं, तरी रविवारी सकाळी काका वर चढायचेच. कारण साडेनऊला रामायण.

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, अठ्ठ्याहत्तर भाग. तो सगळा काळ मला रविवारांनी आठवतो. ३० मे १९८७ला गोवा घटकराज्य झालं, तो शनिवार होता. मी दहा वर्षांची. त्या दिवशी मोठी माणसं उशिरापर्यंत सोप्यावर बोलत बसली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसं त्याच सोप्यावर चटया टाकून रामायणाला बसली. माझ्या मनात या दोन गोष्टी अजून एकमेकींना चिकटून आहेत.

पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत यायचा, उंडे द्यायचा आणि सायकल माडाला टेकवून दारात उभा राहायचा. शेजारचं ख्रिस्ती कुटुंब चर्चमधल्या मिसाहून थेट आमच्याकडे यायचं, मिसाच्याच कपड्यांत. त्यांच्या घरची म्हातारी माय आजीशेजारी बसायची. दोघींमध्ये पानाची तबकडी. हनुमानाला बघून ती हात जोडायची नाही, पण आजी हात जोडेपर्यंत ती बोलणं थांबवायची. हे मी तेव्हा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ फार उशिरा कळला.

दशरथ जाणार तो रविवार मला आजीमुळे आठवतो. आधीच्या भागावरून तिला अंदाज आला होता. त्या सकाळी ती डोक्यावरून न्हाली, चहासुद्धा घेतला नाही, आणि साडेनऊला येऊन बसली. श्रावणातल्या कीर्तनात तिनं हा प्रसंग किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. तरी दशरथानं प्राण सोडला तेव्हा ती पदर तोंडात धरून रडली. दशरथ होते बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर, खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको. जयश्रीबाई मूळच्या कारवारकडच्या, म्हणून आमच्याकडे त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा. "आमगेल्या वाठारांतली" असं आजी म्हणायची. आपल्याच भागातल्या बाईचं कुंकू पुसलं गेल्यासारखी ती रडली.

मी विचारलं, "आजी, तुला माहीत होतं ना तो मरणार म्हणून?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अगदीच चुकीचं विचारलं असावं. माहीत होतं म्हणूनच तर ती आली होती.

हे आज मला पुन्हा पुन्हा आठवतंय. आपल्या गोव्यात एकच गोष्ट परत परत बघण्याची सवय टीव्हीच्या कितीतरी आधीची. पेडण्यात दशावतार, सत्तरीत रणमाले हे लोकनाट्य, प्रत्येक देवळाच्या जत्रेत गावातल्या पोरांचं नाटक. तिथं पुढे काय होणार हे कुणाला ठाऊक नसतं? सीता पळवली जाणार, कंस मरणार. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात. हा नट ते कसं करतो, यंदा रावणाला कोण उभा राहिलाय, त्या एका वाक्याला तो थांबतो की नाही, ते बघायला. चांगल्या गोष्टीचा शेवट कळला म्हणून ती संपत नाही. नव्या मालिकांमध्ये मला नेमकं हेच सापडत नाही. त्यांचं सगळं बळ आजचा भाग संपताना टाकलेल्या उत्सुकतेच्या त्या एका गळात असतं. उद्या काय होईल? उद्या कळलं की कालचा भाग पुन्हा बघण्यासारखा राहतच नाही. आई आज जी मालिका बघत होती ती दहा वर्षांनी कुणी परत लावली, तर कोण बसेल तिच्यासमोर?

पुनःप्रक्षेपणाचा खरा अनुभव आला तो २०२०ला. २८ मार्चपासून दूरदर्शननं रामायण परत सुरू केलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. त्याच दिवसांत महाभारतही आलं. टाळेबंदी होती, पहिल्या दिवसांत आमच्याकडे दुकानंही बंद होती, बेळगावहून भाजी येत नव्हती. मी आईकडेच अडकले होते. आजी नव्हती, काका नव्हते, शेजारची मायही केव्हाच गेली होती. सोप्यावर आम्ही दोघीच. दशरथाचा भाग आला तेव्हा आई काही न बोलता उठली आणि देवासमोर दिवा लावून परत आली. बाण अजून तसेच सावकाश येत होते, आकाशात मधेच थांबून एकमेकांना भिडत होते. आजच्या पोरांना ते खोटं वाटेल. मला त्यात खोटं काही दिसलं नाही.

फक्त पुराणकथांबद्दल मी हे म्हणत नाही. मी विशीत होते तेव्हा दूरदर्शनवर 'दामिनी' लागायची. प्रतीक्षा लोणकर, वर्तमानपत्रात काम करणारी बाई. ती बातमीसाठी बाहेर पडते, भांडते, थकते. मी तेव्हा नोकरीच्या मुलाखती देत होते आणि पणजीच्या बसमध्ये बसले की मनात तिचाच विचार असायचा. मग १९९९ला अल्फा मराठी सुरू झाली, केबलवाला माडांमधून वायर ओढून गेला, आणि 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी, संसार आणि नोकरी दोन्ही ओढणारी. या बायकांची घरं आमच्या घरांसारखी होती. साडीला इस्त्री असायची पण जर नसायची. आज पडद्यावरच्या बायकांना कामच नाही. त्या स्वयंपाकघरात असतात, पण तिथे फोडणीचा आवाज येत नाही. एकमेकींचं वाईट करण्यापलीकडे त्यांच्या दिवसात काही घडत नाही, आणि ते बघून माझी आई, जिनं पहाटे उठून भाताची रोवणी केली, जिनं दोन जावांबरोबर एका चुलीवर तीस वर्षं काढली, ती विचारते, "अशा बायका असतात गो खंय?" तिला हे विचारावं लागतं याचा मला राग येतो. जावांमध्ये भांडणं होत होती, मी पाहिलीत. पण भांडून झाल्यावर दोघी एकाच पाट्यावर वाटण वाटायच्या. ते कुणी दाखवत नाही.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' तर आमच्या घरी अजून चालू आहे असंच म्हणावं लागेल. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या वर्तमानपत्रातल्या सदरावरून ती मालिका झाली, आणि त्यातले आजोबा, आबा, तेच झाले होते. कुणी कुणाच्या जिवावर उठत नाही. घरातल्या साध्यासुध्या अडचणी, आणि त्यांच्यावरची माणसांची साधी उत्तरं. माझी भाची पंधरा वर्षांची, मुठीत मोबाइल घेऊन जन्मलेली. मे महिन्यात आली होती तेव्हा तिनं माझ्याबरोबर चार भाग पाहिले. पहिला तिनं दीडपट वेगानं लावला. मी म्हटलं, बाय, एकदा साध्या वेगानं बघ. आबांचं थांबणं बघ. दुसऱ्या भागापासून तिनं वेग वाढवला नाही.

एका गोष्टीची मात्र मला फार हळहळ वाटते. त्या काळी टेप महाग, म्हणून मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेपांवर पुढचे कार्यक्रम चढले. 'चिमणराव'सारखी मालिका, जिच्यामुळे प्रभावळकर आणि बाळ कर्वे घराघरांत पोचले, तीही पूर्ण उरली नाही. नवं मात्र सगळं साठवलं जातं, एकेक सेकंद.

तर आज रात्री. जेवणं झाली, पेजेवर किसमूर आईला आवडली. नऊच्या सुमारास मालगुडीतला तो भाग लावला, स्वामीला बाप एकट्याला झोपायला लावतो तो. वर्तमानपत्रात कुणा पोरानं वाघाला तोंड दिल्याची बातमी येते. स्वामी म्हणतो, हे खरं नसणार. बाप म्हणजे गिरीश कर्नाड. तो म्हणतो, धैर्य असेल तर सगळं जमतं, मग आज तू माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोपून दाखव. आजीच्या कुशीत झोपणारं पोर ते. अंधाऱ्या खोलीत बाकाखाली जाऊन पडलं, आणि इथे आमची लाइट गेली.

राउटर बंद, टीव्ही बंद, पंखा हळूहळू थांबला. बाहेर पाऊस आणि बेडूक. मेणबत्ती शोधायला उठले तर आई म्हणाली, राहू दे. आणि अंधारात तिनंच पुढची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्याला आवाज येतो. भूतच आलं असं वाटतं. तो डोळे मिटून त्याच्या पायाला मिठी मारतो आणि कडकडून चावतो. तो चोर असतो. चोर ओरडतो, सगळे धावत येतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांच्या तोंडी तोच.

"आनी मागीर?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"मागीर कितें. रातीं परत आजयेकडेन वचून न्हिदलो."

गावभर शूर म्हणून नाव झालं, तरी पोर घाबरतंच. परत आजीच्या कुशीत. कुणी त्याला बदलून टाकला नाही, त्याच्यामागे ढोल वाजवले नाहीत. आई ते सांगताना हसत होती. मला तिचं हसणं फक्त ऐकू येत होतं. मग ती तिच्या लहानपणी अशीच आजीकडे कशी झोपायची, ते सांगत राहिली. गोधडीला धुराचा वास यायचा म्हणाली. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

सव्वादहाला लाइट आली. पंखा करकरला, राउटरचे दिवे एकेक करून लागले. मला वाटलं आता ती झोपायला जाईल. ती चष्मा पुसत होती.

"जिथं राहिलं होतं तिथून लावू?"

"ना, ना. पयलेसावन लाय."