मधल्या खोलीतला सीपीयू

कॉम्प्युटरच्या उभ्या डब्याला आमचं अख्खं गाव सीपीयू म्हणतं. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत असतो, दीड इंचाचा चौकोनी तुकडा. हे सांगत बसणं मी केव्हाच सोडलं.

आमचा डबा मधल्या खोलीत आहे आणि भाव चढेल या आशेवर दिवाळीपासून कापूसही तिथंच, पार आढ्यापर्यंत. फेब्रुवारीत मशीन दहा-दहा मिनिटांनी आपोआप बंद पडायला लागलं. लाइन गेली म्हणावं तर बल्ब चालू. झाकण काढलं, तर पंख्याखाली प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाची गादी भरलेली. पंखा फिरत होता, पण हवा जाणार कुठून? शंभर अंशांच्या आसपास पोचला की प्रोसेसर जळण्याआधी मशीनच बंद करतो. शहाणा म्हणायचा.

"कापूस खाते काय रे हे?" बाबा मागून म्हणाले. मी उपसलेला पुंजका त्यांनी दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, व्यापारी पाहतो तसा धागा पाहिला आणि पुंजका पुन्हा ढिगावर टाकला.

उघडलंच आहे तर रॅमची पट्टीही काढली आणि तिच्या सोनेरी दातांवर पोरीचं खोडरबर फिरवलं. खेड्यातली अर्धी दुरुस्ती या खोडरबरावर चालते. पट्टी बसवताना 'टक' ऐकू यायला हवं, नाहीतर मशीन नुसतं पीं पीं करत राहतं. रॅम लाइन गेली की सगळं विसरते. हार्ड डिस्क मात्र मिनिटाला ७२०० गरके घेऊनही लग्नाचे फोटो सांभाळून आहे.

मशीन सुरू झालं, पण पीकविम्याचं पान काही उघडेना. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. डबा बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला होता. तारीख इतकी मागे गेली की ब्राउझरला साइटचा सुरक्षा-दाखला खरा वाटत नाही. सेल बाजाराच्या दिवशी घड्याळवाल्याकडे मिळणार होता. तोवर रोज हातानं तारीख घालायची.

बाबा चष्मा लावून पडद्याजवळ आले.

"दोन हजार नऊ? म्हंजे लांब धाग्याले हमीभाव तीन हजार! बदलव बाबू, पह्यले ते तारीख बदलव."