गोड्या पाण्यात गरी टाकण्याआधी : हे पाणी कुणाचं?

गोव्यात गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला निघालेला माणूस आधी विचारतो, मासा कुठे लागेल. पाणी कुणाचं, हे विचारायचं बहुतेक वेळा राहूनच जातं, आणि भांडणं होतात ती तिथेच. सत्तरी किंवा सांगे तालुक्यात थोडं फिरलात तरी अभयारण्यातला व्हाळ (ओहोळ), जलस्रोत खात्याचं धरण, कोमुनिदादीचं (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं) तळं आणि पावणीत (लिलावात) गेलेली मानस (खाजणाच्या बांधातलं पाण्याचं दार) अशी नाना तऱ्हेची पाणी लागतात. प्रत्येक ठिकाणी ‘बस’ किंवा ‘उठ’ म्हणणारा माणूस वेगळा. एका ठिकाणची परवानगी दुसऱ्या ठिकाणी उपयोगाची नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते, म्हणून तळ्यावरही गळ टाकायचा नाही, असं बरेच जण समजतात. ती बंदी समुद्रातल्या यांत्रिक बोटींसाठी आहे, १९८०च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालची. ट्रॉलर आणि पर्ससीनवाले तिच्यात येतात, ओहोळावर बसलेला गरीवाला येत नाही. मात्र नेमक्या याच दोन महिन्यांत गोड्या पाण्यातला मासा अंड्यावर असतो. म्हणजे बंदी लागू नसली तरी कारण लागू आहेच. त्याबद्दल पुढे.

गोड्या पाण्याला लागू होणारा मूळ कायदा १८९७चा, भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा. जुना असला तरी वाचण्यासारखा आहे, कारण छोटा आणि स्पष्ट आहे. कलम ४ : मासे मारण्यासाठी पाण्यात सुरुंग किंवा कुठलंही स्फोटक वापरायचं नाही. कलम ५ : विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ पाण्यात टाकायचा नाही. मूळ कायद्यात दंड फक्त २०० रुपये, पण कैद दोन महिन्यांपर्यंत. डोळ्यांदेखत असा गुन्हा करणाऱ्याने नाव-पत्ता सांगायला नकार दिला, तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. कलम ६ सरकारला नियम करायचा अधिकार देतं : पाण्यात रोवून ठेवायची जाळी आणि सापळे, बांध घालून मासे अडवणं, जाळ्याचा प्रकार आणि आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार, शिवाय एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत पूर्ण मासेमारीबंदी. खासगी पाण्याला हे नियम मालकाच्या संमतीनेच लागतात. पण कलम ४ आणि ५ला खासगी-सरकारी असा भेद नाही. स्वतःच्या कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) तळीतही सुरुंग टाकता येत नाही.

कलम ५बद्दल जरा थांबायला हवं, कारण ‘आमचे आजेही कुंभ्याची साल ठेचून कोंडीत टाकायचे’ हे वाक्य अजून ऐकू येतं. कायद्याला झाडपाल्याचं विष आणि ब्लिचिंग पावडर यांत फरक दिसत नाही. प्रत्यक्षात फरक आहे, पण तो वाईटाकडे जाणारा. सालीने मासे गुंगून वर यायचे आणि वाहतं पाणी आलं की उरलेले सावरायचे. ब्लिचिंग पावडरीचा क्लोरीन कल्ले जाळतो, आणि त्यात माशांबरोबर खेकडे, झिंगे, बेडकांची पिल्लं, माशांचं खाद्य असलेले किडे सगळेच जातात. कोंड पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओसाड. बॅटरी-इन्व्हर्टरचा करंट लावणाऱ्यांविषयी तर काय बोलायचं, त्यात मासा मरतो तसा पाण्यात उभा असलेला माणूसही मरतो.

आता पाण्याकडे. गोव्यात गोडं पाणी सुरू कुठे होतं हेच दर महिन्याला बदलतं. भरती मांडवीत गांजेपर्यंत आणि जुवारीत सांग्याच्या आसपास चढते. भर पावसात मात्र नदीचा लोट इतका असतो की मुखाजवळचं पाणीही गोडसर होतं, आणि एप्रिल-मेमध्ये खारं पाणी आत सरकत जातं. त्यामुळे जुलैत जिथे गोड्या पाण्यातली शिंगटी लागते तिथेच मेमध्ये शेवटा दिसतो. आमिष आणि गरीचा नंबर ठरवण्याआधी महिना बघा.

अभयारण्यात गरी टाकायचीच नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर, बोंडला, चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, सगळीकडे १९७२चा वन्यजीव कायदा लागू आहे. त्या कायद्यातल्या ‘प्राणी’ या व्याख्येत मासाही येतो, त्यामुळे तिथला मासा काढणं म्हणजे वन्यजीव काढणंच. गडबड होते ती हद्दीवर. रस्त्याला फाटक असतं, व्हाळाला नसतं. गुगलच्या नकाशावर हिरवा रंग दिसत नाही म्हणून हद्द संपली असं नव्हे. जवळच्या वन खात्याच्या नाक्यावर थांबून विचारणं सर्वांत सोपं. सत्तरीत जायचं तर आणखी एक : तिथे २०१५पासून गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. डिसेंबर ते मे गोचिडींचा हंगाम. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोज्यांत खोचलेली पँट, पाचोळ्यावर बैठक नाही, आणि घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात.

धरणांचा मामला वेगळा. साळावली, अंजुणे, चापोली, आमठाणे ही जलस्रोत खात्याची. साळावलीचं पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना जातं. म्हणून धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी उचलण्याची विहीर यांच्या आसपास बसायचंच नाही, फलक असो वा नसो. साळावलीचा बदकाच्या चोचीसारखा सांडवा पावसात बघायला गर्दी होते, पण ती गरवायची जागा नव्हे. जलाशयात मत्स्यबीज सोडलेलं असतं. रोहू, कटला, मृगळ वाहत्या पुराच्या पाण्यातच नीट वितात, साठलेल्या पाण्यात त्यांची संख्या आपसूक वाढत नाही, म्हणून बीज बाहेरून आणावं लागतं. त्यावर पैसा खर्च झालेला असतो आणि मासेमारीचा हक्क कुणाला तरी दिलेला असू शकतो. मच्छीमारी खात्याला आणि धरणावरच्या कार्यालयाला, दोघांनाही विचारा. एकाने ‘आमची हरकत नाही’ म्हटलं म्हणजे दुसऱ्याची नाही असं होत नाही.

परवानगी मिळाली तर साहित्य साधं ठेवा. रोहू-मृगळासाठी ०.२८ मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा), ६ किंवा ८ नंबरची गरी, तरंगणारा बोंडा, आमिष तळापासून वीतभर वर. दोन भाग कणीक, एक भाग भाताचा बारीक कोंडा, कोमट पाण्यात मळून वाटाण्याएवढी गोळी. फार मऊ मळली तर फेकतानाच सुटते, फार घट्ट असेल तर मासा तोंडात घेऊन लगेच थुंकतो. मासे गोळा करायला किलोकिलोने चारा ओतायची सवय पिण्याच्या पाण्यात सोडून द्यावी. मूठभर पुरतो. उरलेला तळाशी कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. साळावलीत आणखी एक अडचण : धरणाखाली गेलेल्या कुर्डी गावाच्या भिंती, जोती आणि झाडांचे बुंधे तळाशी आहेत. मेमध्ये पाणी उतरलं की ते उघडे पडतात. तेव्हा लांबून जागा बघून ठेवली तर पावसानंतर गऱ्या अडकायच्या थांबतात. उघड्या पडलेल्या गाळावर मात्र चालत जाऊ नका. वरून कोरडा दिसतो, पाय मांडीपर्यंत जातो.

खाजणातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीतल्या, मानशीवर गरी टाकणाऱ्यांना सर्वांत जास्त बोलणी बसतात, आणि बसायलाच हवीत. मानस म्हणजे नुसतं लाकडी दार नव्हे. भरती आली की पाण्याच्या दाबाने फळ्या बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. त्या ओहोटीच्या तोंडाशी जाळं लावायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, विकला जातो, आणि घेणाऱ्याने रोख मोजलेली असते. त्याच्या दाराशी बसून चोणक किंवा काळुंदर काढणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. शिवाय गरी फळीच्या फटीत अडकली आणि कुणी ती ओढून काढली तर फळी नीट बसत नाही, खारं पाणी आत येतं आणि शेत जातं. जास्त मासा यावा म्हणून पावणीवालाच भरतीला दार उघडं ठेवतो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. त्या भांडणात तिसरा म्हणून उभं राहू नये. मानशीपासून दूर, बांधाच्या नदीकडच्या बाजूला बसा, तेही कूळ संघटनेला (तिथल्या शेतकरी कुळांच्या संघटनेला) विचारून. बांधाच्या मातीत रॉड रोवायला खड्डे पाडू नयेत.

तळ्यांचं थोडक्यात. कोमुनिदादीच्या तळ्याला कोमुनिदादीची परवानगी, पंचायतीच्या तळ्याला पंचायतीची. देवळाच्या तळीत गरी टाकायची नाही, नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीपासून गावोगावच्या तळ्यांपर्यंत. कुडचड्याचं नंदा तळं २०२२पासून रामसर पाणथळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तिथे आणि करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. तुटलेला तंगूस झुडपात लोंबत राहिला तर त्यात पाणकावळ्याचा पाय अडकतो आणि तो तिथेच वाळतो. तुटलेला तंगूस गुंडाळून घरी न्या आणि बारीक तुकडे करूनच टाका.

कुठला मासा ठेवायचा, यात ‘लहान सोडा, मोठा ठेवा’ हा सरधोपट नियम गोव्यात चालत नाही. चोणक जन्मतः नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढची चोणक बहुतेक मादीच, लाखोंनी अंडी घालणारी. गोड्या पाण्यात वाढलेली चोणक वितायला खाऱ्या पाण्याकडे उतरते. फोटोसाठी ती मोठी काढली की पुढच्या कित्येक वर्षांची चोणक गेली. ठेवायचीच तर मधली ठेवा. काळुंदराची नर-मादी जोडी दगडावर चिकटवलेली अंडी राखते. त्यातला एक काढला की आजूबाजूचे मासे अंडी फस्त करतात.

मरळीचं तर उघड दिसतं. पावसाळ्यात काठाजवळ पाण्याच्या वरच्या थरात लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका हलताना दिसेल, एखादी ओंजळ सांडल्यासारखा. थोड्या थोड्या वेळाने तो फुटतो, पुन्हा जमतो, पिल्लं हवा घ्यायला वर येतात. खाली आई-बाप असतात. त्या घोळक्यावरून रबरी बेडूक (नकली आमिष) ओढला तर मरळ हमखास झेपावते, पण ती भुकेने नव्हे, राखणीला झेपावते. ती काढली की पिल्लं तासाभरात संपतात. घोळका दिसला की जागा बदला. यात शहाणपणा दाखवण्यासारखं काही नाही, ती मरळ पकडणं फार सोपं असतं एवढंच.

चढणीच्या माशांनाही हेच. पहिल्या जोरदार पावसात पोटात गाभोळी घेऊन मासा व्हाळातून शेतात चढतो. तिथे अख्खा व्हाळ अडवून सापळा लावला तर एकही वर जात नाही. गावात परंपरेने हे धरले जातातच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण हौशी गरीवाल्याने जून-जुलै तरी हात आवरावा. तिलापिया मिळाली तर खुशाल घरी न्या, ती इथली नाही आणि तिची वाढ थांबत नाही. आफ्रिकन मागूर जिवंत कुठेही सोडू नका, त्याच्या पालनावर देशभर बंदी आहे. घरच्या टाकीतला सकर मासाही तळ्यात सोडायचा नाही.

सोडायचा मासा नीट सोडावा लागतो. एकच गरी लावा, तीन तोंडांची नको. पक्कडीने गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा चेपून घ्या. बरोबर चेपला की नाही ते बघायला गरी जुन्या पंचातून आरपार नेऊन मागे काढा, धागा ओढला गेला तर अजून चेपायची आहे. मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताला त्याचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तिथे बुरशी धरते. एप्रिल-मेच्या दुपारी पाणी गरम, प्राणवायू कमी. त्या वेळी झुंजून दमलेला मासा सोडला तरी तासाभराने उलटा होतो. पहाटे बसा, नाहीतर बसू नका. शिंगटीचे बाजूचे काटे ताठ होऊन अडकतात, तिला फडक्यात धरा.

मगरीविषयी अफवा फार, पण कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत ही अफवा नाही. त्या तिथपुरत्याच राहतील असंही नाही. पाण्यात उतरून गरवू नका, काठापासून दोन मीटर मागे आणि शक्य तितकं उंचावर बसा, मासा काठावर साफ करून आतडी पाण्यात टाकू नका, अंधारानंतर थांबू नका. पावसात पायाला जखम असेल तर गमबूट घाला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) त्या वाटेने येतो. होडीने जायचं तर ती बंदर कप्तान खात्याकडे नोंदलेली हवी, आणि जॅकेट बसायला उशी म्हणून नव्हे, अंगात.

परवानगीचा अर्ज एका पानात बसतो : पाण्याचं नाव आणि काठावरची नेमकी जागा, तारीख, वेळ, किती माणसं, किती रॉड, आमिष काय, मासा ठेवणार की सोडणार, ‘विक्री करणार नाही’ हे वाक्य, आणि ओळखपत्राची प्रत. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी ‘जा, कोण विचारतंय’ म्हणणारा कारकून दुसऱ्या दिवशी रजेवर असतो, आणि काठावर येऊन विचारणाऱ्या रखवालदाराला दाखवायला तो शिक्काच लागतो.