तुम्ही विचारलंत म्हणून: चालू कोडमधली नावं मी का बदलते

“चालतंय ना, मग नावांना कशाला हात लावतेस?” रिव्ह्यूमध्ये विचारतात, जेवताना विचारतात, आता नव्या मॅनेजरनीही विचारलं. एकदा लिहूनच टाकते.

आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर व्हॅटच्या काळातलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. त्या घाईत कुणीतरी जकात मोजणाऱ्या फंक्शनमध्येच (कोडच्या तुकड्यात) एसजीएसटीचा, म्हणजे राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा, हिशोब बसवला. नाव ‘कॅल्क_ऑक्ट्रॉय’च (ऑक्ट्रॉय म्हणजे जकात) राहिलं, वरची कॉमेंटही, म्हणजे वाचणाऱ्यासाठीची टीपही, तीच: ‘फक्त मुंबईसाठी’. तेव्हा मीही म्हणायचे, कॉमेंट काही रन होत नाही, राहू दे.

पुढे टीममध्ये एक नवा मुलगा आला. वापरात नसलेला कोड काढायचं काम त्याच्याकडे होतं. जकात बंद झालेली, म्हणून त्याने ते फंक्शन काढलं. तपासायला गुजरातच्या ग्राहकाचं बिल घेतलं. राज्याबाहेरच्या बिलाला एसजीएसटी नाही, आयजीएसटी लागतो, त्यामुळे ते बरोबर आलं. रिलीज गेलं, आणि राज्यातल्या बिलांवर १८ टक्क्यांऐवजी सीजीएसटीचा, म्हणजे केंद्राच्या वाट्याचा, ९ टक्केच कर लागू लागला. ग्राहकांना फरकाच्या डेबिट नोटा काढाव्या लागल्या. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याला ऐकवलं, “कोड नीट वाचत जा.” अहो, त्याने वाचला होता! जे लिहिलं होतं त्यावर विश्वास ठेवला, एवढंच. खोटं आमच्या फाइलमध्ये होतं आणि बोलणी त्याने खाल्ली. त्याचा तेव्हाचा चेहरा मला विसरता येत नाही.

गिट ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये, सगळीकडे माझंच नाव दिसतं, ही तुमची तक्रार. नावबदलाचा कमिट (बदलाची नोंद) मी वेगळा ठेवते, आणि २०१९ मधल्या गिट २.२३ पासून असे कमिट ब्लेममधून वगळता येतात. अशा कमिटची यादी रेपोत, कोडसोबतच, ठेवली आहे, वापरा. मर्ज करताना, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र आणताना, त्रास होतो, हे मात्र मान्य. म्हणून रिलीज तोंडावर असताना मी नावांना हात लावत नाही.

डेटाबेसमधल्या ‘व्हॅट_अमाउंट’ला हात लावायला मीही धजावले नाही. जून २०१७ पर्यंतच्या नोंदींत तिथे खरोखरच व्हॅट आहे, नंतरच्या नोंदींत सीजीएसटी. कुठलंही एक नाव दिलं तरी काही नोंदींसाठी ते चुकीचंच ठरेल. शिवाय ग्राहकांचे रिपोर्ट थेट तोच कॉलम वाचतात. त्यामुळे सध्या कोडमध्ये एक नाव, टेबलात दुसरं, आणि दोन्हींचा संबंध सांगणारी माझी कॉमेंट. नवा कॉलम काढावा की हे असंच ठेवावं, यावर टीमचं एकमत नाही, आणि माझाही निर्णय होत नाही.