टोमॅटोला कुंडी केवढी हवी? आमच्या बाल्कनीतली तीन वर्षं

डोंबिवलीतल्या आमच्या घराची बाल्कनी आठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. तोंड पश्चिमेला. पावसाळा सरला की दुपारी बाराच्या पुढे ऊन आत येतं आणि पाचच्या सुमारास समोरच्या इमारतीआड जातं. एवढ्या उन्हावर टोमॅटो येतो, हे मला आधीपासून माहीत होतं. कुंडी केवढी घ्यायची, हे मात्र कळायला तीन हंगाम गेले.

पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आठ इंची प्लास्टिकच्या आठ कुंड्या आणल्या आणि कठड्यालगत ओळीने मांडल्या. प्रत्येकीत एक रोप. जागा थोडी आहे, तर कुंड्या लहान घ्याव्यात म्हणजे झाडं जास्त बसतील, असा माझा विचार होता. ऑक्टोबर छान गेला. रोपं गुडघ्याएवढी झाली, फुलं लागली. नोव्हेंबरात पानं दुपारी अडीचलाच माना टाकायला लागली. सकाळी सातला पाणी घातलेलं असायचं, तरीही. संध्याकाळी परत पाणी दिलं की ताजी व्हायची. मग खालची पानं पिवळी पडली आणि लिंबाएवढ्या झालेल्या फळांचे बुडखे काळे पडले. मला वाटलं, कीड आहे. मी दोन आठवडे कडुनिंबाचं तेल फवारत राहिले आणि ते दोन आठवडे फुकट गेले.

एक काळं फळ घेऊन नर्सरीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा रोग नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाहीये. ते पाण्याबरोबर जातं. कुंडी कितीची आहे तुमची?" आठ इंची म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

जानेवारीत झाडं उपटली तेव्हा त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ समजला. मुळांचा गोळा थेट कुंडीच्या आकाराचा निघाला. पांढरी मुळं कडेकडेने गोल फिरून एकमेकांत विणली गेली होती आणि त्यांच्यात माती हाताला लागत नव्हती. पाणी धरून ठेवायला काहीच उरलं नव्हतं. सकाळचं पाणी दुपारपर्यंत संपायचं, झाड तहानेलं राहायचं, संध्याकाळी एकदम भिजायचं. अशा वेळी मातीत कॅल्शियम असलं तरी फळापर्यंत जात नाही. अंड्याची टरफलं घाला, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. ती कुजायला फार वेळ लागतो, आणि माझी अडचण मुळात कॅल्शियमची नव्हतीच, पाण्याची होती.

त्या रविवारी मी एक काम केलं, आणि ते प्रत्येकाने एकदा करावं असं मला मनापासून वाटतं. कुंडीची भोकं चिकटपट्टीने बंद केली आणि लिटरच्या मापाने पाणी ओतून मोजलं. आठ इंची कुंडीत काठोकाठ चार लिटर बसलं. शेजारच्या वहिनींकडची बारा इंची आणून मोजली, तर साडेतेरा. इंच दीडपट झाले, पण पोट जवळजवळ साडेतीनपट झालं, कारण तोंड रुंद होतं तशी खोलीही वाढते. नर्सरीत आपण इंच विचारतो आणि झाड जगतं लिटरवर. माझ्या आठ कुंड्यांत मिळून बत्तीस लिटर माती होती. तेवढ्यात दोनच टोमॅटो नीट पोसले असते.

म्हणून दुसऱ्या वर्षी वीस लिटरच्या तीन ग्रोबॅग, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, घेतल्या. उंच वाढत जाणाऱ्या टोमॅटोला एवढं लागतं. ठेंगणी जात बारा इंची कुंडीत भागवून नेते.

इथे दुसरी चूक झाली. ऑगस्टअखेर चार पानांची रोपं थेट मोठ्या पिशव्यांत लावली. पाऊस चालू, हवा दमट, मुळं जेमतेम बोटभर. एवढी माती भिजली की सुकतच नव्हती. तीनपैकी दोन रोपं बुंध्याशी सडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तान्ह्या पोराला पलंगावर एकटं निजवतात का?" त्यांनीच मग नवी रोपं आधी कागदी कपात, तीन आठवड्यांनी चार इंची कुंडीत आणि मुळं कडेला टेकल्यावर पिशवीत, अशी चढवत नेली. टोमॅटोला प्रत्येक वेळी थोडं खोल लावायचं, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. भेंडीला मात्र ही हलवाहलव सोसत नाही. तिचं बी थेट मोठ्या कुंडीतच टोचावं.

तळाशी खडीचा थर द्यायची सवयही सोडली. निचरा सुधारतो म्हणून मी तीन बोटं खडी भरत होते. प्रत्यक्षात पाणी मातीच्या खालच्या भागातच थबकतं, खडीमुळे फक्त ती ओली पातळी मुळांच्या आणखी जवळ येते आणि मातीची जागा जाते. आता भोकावर जाळीचा तुकडा ठेवते, बाकी सगळी माती.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. नुसत्या लाल मातीने भरलेली वीस लिटरची पिशवी ओली असताना पस्तीस किलोच्या आसपास जाते. मी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत सारखंच घेते, तेव्हा ती बावीस-तेवीस किलो भरते. पिशव्या भिंतीला लागून जमिनीवर असतात. कठड्यावर किंवा ग्रिलवर एकही जड कुंडी ठेवत नाही. खालून लहान मुलं जातात.

लहान कुंड्या टाकून दिलेल्या नाहीत. त्यांत पुदिना आणि कांद्याची पात येते. मिरचीला दहा इंची, म्हणजे साधारण आठ लिटर, पुरते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले ज्योती' ही मिरचीची जात त्यात घोसाने लागली. मेथीला तर खोली लागतच नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रमेथी वाळूत वाढवून बोटभर असतानाच काढतात, तशी मी पसरट ट्रेमध्ये चार बोटं माती घालून घेते. कोथिंबिरीला मात्र वीतभर खोली द्यावी, तिचं मूळ सरळ खाली जातं.

तिसऱ्या वर्षी तीनच टोमॅटो लावले. पिशव्या काळ्या होत्या, पश्चिमेच्या उन्हाने तापायच्या, म्हणून बाहेरून चुना लावला आणि मातीवर वाळका पाला पसरला. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाणी दिवसातून एकदाच द्यावं लागलं आणि एकाही फळाचा बुडखा काळा पडला नाही. संक्रांतीला सासूबाईंनी घरच्या टोमॅटोचं सार केलं. वहिनींची बारा इंची कुंडी परत करायला गेले, तर त्यांनी ती ठेवून घे म्हटलं. तिच्यात आता वांग्याचं रोप आहे, कालच पहिलं फूल उमललं.